इंजिनिअरच्या चरित्रात घर कुठे असते?

फ्लेमिंग जेंकिनचे लग्न २६ फेब्रुवारी १८५९ रोजी, शनिवारी, इंग्लंडमधल्या नॉर्थियम गावी झाले. रजा मिळाली होती चार दिवसांची. मंगळवारी सकाळी नवरदेव बर्कनहेडच्या केबल कारखान्यात कामावर हजर! सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकायच्या तारायंत्राच्या केबलचे काम तेव्हा तिथे चालू होते आणि पंचविशीतला जेंकिन तिच्या गटापर्चाच्या आवरणातून वीज किती गळते याची मोजमापे घेत होता. ती केबल वर्षभरातच निकामी झाली. संसार मात्र सव्वीस वर्षे, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकला.

जेंकिनच्या कामांची यादी कोणत्याही श्रद्धांजलीला पुरून उरेल अशी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याबरोबर त्याची व्यावसायिक भागीदारी होती. विजेच्या रोधाचे प्रमाण एकक ठरवणाऱ्या समितीत तो होता. १८६८ मध्ये तो एडिंबरा विद्यापीठात अभियांत्रिकीचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने डार्विनच्या सिद्धांतावर अशी टीका लिहिली होती, की खुद्द डार्विनला तिची दखल घ्यावी लागली. १८७० मध्ये त्याने मागणी-पुरवठ्याचे नियम आलेखांनी मांडले. आजही अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच तसले आलेख काढू लागतो. ते काढणाऱ्यांत एक केबल इंजिनिअर होता, हे त्याला क्वचितच कोणी सांगते.

एवढे सगळे खरे असूनही या यादीतून माणूस भेटत नाही. इंजिनिअरच्या बाबतीत ही अडचण जरा जास्तच असते. कवीची कविता राहते, गायकाची ध्वनिमुद्रिका राहते. जेंकिनच्या केबली समुद्राच्या तळाशी गेल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या.

तो आपल्याला भेटतो ते एका दांडीबहाद्दर विद्यार्थ्यामुळे. दीपगृहे बांधणाऱ्या घराण्यातला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन वडिलांच्या इच्छेखातर अभियांत्रिकी शिकायला आला होता, पण वर्गात फारसा फिरकलाच नाही. हजेरीचा दाखला मागायला गेला तेव्हा जेंकिनने स्पष्ट नकार दिला. वडिलांचे कारण सांगून बऱ्याच विनवण्या केल्यावर कसाबसा एक दाखला हाती पडला. मैत्रीची सुरुवात झाली ती इथून. जेंकिनच्या घरी दरवर्षी हौशी नाटके होत, त्यांत स्टीव्हन्सनही काम करी. पुढे ‘ट्रेझर आयलंड’ने नाव झालेल्या या लेखकाने गुरूच्या मृत्यूनंतर त्याचे चरित्र लिहिले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यात एका रात्रीची हकिकत आहे. दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी पत्नी अॅन अत्यवस्थ झाली. जेंकिन दोनेक मैल धावत डॉक्टरकडे गेला आणि घामाने निथळत, उघड्या घोडागाडीतून त्यांना घेऊन परतला. अर्धवट शुद्धीत अॅनने त्याचा हात धरला. डॉक्टरांनी दारे-खिडक्या सताड उघडायला लावल्या आणि बाईंची झोप अजिबात मोडू नका, अशी ताकीद दिली. ओल्या कपड्यांनिशी, झोंबणाऱ्या वाऱ्यात जेंकिन रात्रभर जमिनीवर आखडून बसला. हात सोडवला नाही. त्या रात्रीपासून जडलेल्या दुखण्याने त्याचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही.

विद्युत-एककांच्या इतिहासात ही रात्र येणार नाही, आणि येण्याचे कारणही नाही. पण गळती मोजताना लागणारी चिकाटी आणि हात न हलवण्याची चिकाटी वेगवेगळ्या माणसांची नव्हती. म्हणूनच ‘थोर अभियंता’ हे मुख्य प्रकरण आणि ‘कुटुंबवत्सल पिता’ ही तळटीप, अशी वाटणी फसवी वाटते. स्टीव्हन्सनने ती टाळली. केबलच्या जहाजांवरून अॅनला लिहिलेली पत्रे त्याने चरित्रात पानेच्या पाने छापली. १८५८ मध्ये सार्डिनियाजवळ जुनी केबल समुद्रातून ओढून काढतानाच्या पत्रांत यंत्रांची कुरकूर आहे, खलाशी आहेत, आणि लग्न ठरलेल्या मुलीला आपले काम कळलेच पाहिजे हा हट्टही आहे.

चरित्रात उणीवही आहे. घरच्या नाटकांत अॅनची कामे गाजत. ती उत्तम नटी होती. नवरा महिनोन्महिने समुद्रावर असताना घर तिनेच सांभाळले. तिने दिलेली पत्रे आपण वाचतो, तिचे स्वतःचे म्हणणे मात्र फारसे कानावर पडत नाही.

१८८५ च्या फेब्रुवारीत जेंकिनचे वयस्क आईवडील काही दिवसांच्या अंतराने गेले. दहा वर्षांपूर्वी पक्षाघात झालेल्या आईची काळजी या घराने अखेरपर्यंत वाहिली होती. १२ जूनला तो स्वतः गेला. पायावरच्या किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष पसरले होते. वय अवघे बावन्न. विजेवर चालणारा त्याचा रज्जुमार्ग ससेक्समधल्या ग्लाइंड येथे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला.

आपल्याकडे पाटबंधारे खात्यातून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्या इंजिनिअरांच्या स्मरणिका निघतात. त्यांत हुद्दे असतात, बदल्या असतात, उद्घाटनाचे फोटो असतात. त्या काढणाऱ्यांनी साइटवरून घरी आलेली पत्रे आधी मागून घ्यावीत. आणि ती ज्यांनी जपून ठेवली, त्या बाईंनाही चार पाने लिहायला सांगावे.