गोदामाला हरकत कुणाची?

गॅसची टाकी वेळेवर यावी असं सगळ्यांना वाटतं. ती जिथून येते ते गोदाम मात्र आपल्या आळीत, मुलांच्या शाळेच्या वाटेवर कुणालाच नको असतं. याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. भीती खरी आहे. ती घेऊन आपण सभेत काय बोलतो आणि सभा उठल्यावर काय करतो, एवढंच पाहण्यासारखं आहे.

ग्रामसभेत हा विषय बहुतेक वेळा शेवटाकडे येतो. रस्ता, नळयोजना, घरकुलांची यादी यांवर घसे बसलेले असतात. ग्रामसेवक अर्ज वाचतो: अमुक गट नंबरमध्ये अमुक एजन्सीला सिलिंडरचं गोदाम बांधायचं आहे, ना हरकत दाखला मिळावा. निम्मी माणसं चपला शोधत असतात. मागून कुणीतरी विचारतं, ‘फुटलं तर?’ एजन्सीचा माणूस हसून म्हणतो, ‘फुटत नाही हो, कंपनीचं काम आहे.’ दोघंही प्रामाणिक असतात आणि दोघांच्याही बोलण्यात माहिती काडीची नसते. मग सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. नाहीतर दोन तरुण आवाज चढवतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो. मधल्या दिवसांत हरकत मागे घेण्याचा भाव ठरतो, असंही काही ठिकाणी होतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं, इतिवृत्तात कधी येत नाही.

आता एक दूरची हकिकत सांगतो, कारण ती या विषयाच्या गाभ्याशी जाते. कॅनडातल्या टोरांटो शहराच्या उत्तर भागात डाउन्सव्ह्यू नावाची वस्ती आहे. तिथे सनराइज प्रोपेन नावाचा गॅस भरून देण्याचा स्थानिक धंदा होता. शहराच्या आराखड्यात जागा औद्योगिक होती. थोडं पलीकडे मात्र राहती घरं, आणि अगदी लागून एक दफनभूमी. 10 ऑगस्ट 2008 च्या पहाटे, रविवारी, चारच्या सुमाराला तिथे स्फोटांची माळ लागली. टाक्यांचे पत्रे उडून लोकांच्या अंगणात पडले, खिडक्या आणि दारं चौकटींसकट निखळली. भोवतालचा 1.6 किलोमीटरचा परिसर रिकामा केला गेला. सुमारे 12,000 माणसं रात्रीच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. तिथे कामाला असलेला, शिकण्यासाठी भारतातून गेलेला पंचविशीतला एक तरुण मेला. मदतकार्यात असताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदय बंद पडून गेला.

चौकशीत जे निघालं ते मला स्फोटापेक्षा जास्त अस्वस्थ करतं. गॅस एका टँकरमधून दुसऱ्या टँकरमध्ये थेट भरला जात होता आणि नळीतून गळती झाली. हे असं भरणं बंद करा, असं ओंटारिओ प्रांताच्या सुरक्षा नियामक संस्थेने त्या कंपनीला नोव्हेंबर 2006 मध्येच बजावलं होतं. म्हणजे पावणेदोन वर्षं आधी. परवाना होता, मनाईही होती, आणि रात्री नळी जोडली जात होती. पुढे 2013 मध्ये कंपनी दोषी ठरली आणि 2016 मध्ये न्यायालयाने 53 लाख डॉलरचा दंड केला. दोषांमध्ये एक असा होता की त्या तरुण कामगाराला धोक्याची पुरेशी माहिती आणि शिकवण दिलेली नव्हती.

ज्या दिवशी त्या धंद्याला परवानगी मिळाली, त्या दिवशी कागद बहुधा व्यवस्थित असतील. अनर्थ त्या दिवसात नव्हता, नंतरच्या शेकडो रात्रींत होता. आपली सगळी भांडणं मात्र त्या एका दिवसावर होतात. बाजूने असोत की विरोधात, आपण दाखल्याच्या शिक्क्यापाशी थांबतो. गोदाम उभं राहिलं की विरोध करणारा हरल्यासारखा घरी जातो आणि पाठिंबा देणारा जिंकल्यासारखा. दोघांचंही लक्ष उडतं. गावाने धंद्याला होकार देणं नीतीच्या दृष्टीने तेव्हाच बरोबर ठरतं, जेव्हा गाव नंतरही पाहत राहायला तयार असतं. नुसत्या होकाराला मी बेफिकिरी म्हणतो. नुसता नकारही त्याच जातीचा असतो, कारण गोदाम मग गावकुसाबाहेरच्या, आवाज नसलेल्या वस्तीजवळ जातं आणि नकार देणाऱ्यांच्या चुली पूर्वीसारख्याच पेटत राहतात.

पाहायचं काय, यासाठी हा पदार्थ थोडा ओळखायला हवा. आपल्या घरच्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. कॅनडासारख्या थंड मुलखात प्रोपेनच वापरतात, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप घेणं सोडतं; प्रोपेन मात्र उणे 42 अंशांपर्यंत उकळत राहतं. दाबाखाली ते द्रव असतं. एक लिटर द्रव सांडला की सुमारे 270 लिटर वायू होतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने वर उडून जात नाही; पाण्यासारखा उतार शोधत गटारात, तळघरात, नाल्यात जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडं वर गेलं की एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास नाही. आपण ‘गॅसचा वास’ म्हणतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा. म्हणून गोदामाचा उतार कुणीकडे आहे, जाळीच्या खिडक्या जमिनीलगत मोकळ्या आहेत की पोती रचून बुजवल्या आहेत, हे प्रश्न ‘फुटलं तर?’ या प्रश्नापेक्षा जास्त कामाचे आहेत.

आगीत सापडलेली मोठी टाकी आणखी वेगळी वागते. आतला द्रव उकळतो, दाब वाढतो, द्रवाच्या पातळीच्या वरचा पत्रा आगीने मऊ होतो आणि टाकी एकदम फाटते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात किंगमन या छोट्या गावी 5 जुलै 1973 रोजी रेल्वेच्या वाघिणीतून प्रोपेन उतरवून घेताना आग लागली. जळत्या वाघिणीवर पाणी मारायला गेलेले अग्निशमन दलाचे 11 जण त्यात गेले. आपल्याकडेही अशी वेळ आली तर पुढे धावणार तो नगरपालिकेच्या बंबावरचा माणूस. त्यातले बरेच कंत्राटी असतात. आतमध्ये काय आणि किती भरलं आहे, हे त्याला आधी कुणी सांगितलेलं असतं का?

हा प्रश्न मला नैतिक वाटतो, तांत्रिक नाही. गोदामाचा फायदा साऱ्या तालुक्यात वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला एक टाकी. धोका मात्र वाटला जात नाही. तो कुंपणाला लागून असलेल्या चार घरांवर, टाक्या उचलणाऱ्या पोरांवर आणि बंबावाल्यांवर पडतो. ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत ही माणसं किती असतात? टाक्या उचलणारा बहुतेकदा दुसऱ्या गावचा असतो. कुंपणालगत पालं टाकून राहणाऱ्यांचं नाव त्या गावच्या मतदार यादीत नसतं. तेव्हा ‘सर्वानुमते’ या शब्दात नेमके तेच नसतात ज्यांचं मत सगळ्यांत महागाचं आहे.

घरं आधी की गोदाम आधी, हा आणखी एक हमखास वाद. मेक्सिको सिटीच्या उत्तरेला सान हुआनिको म्हणून ओळखली जाणारी वस्ती आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सरकारी तेल कंपनी पेमेक्सने एलपीजीचा साठा उभारला तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. वर्षं गेली, शहराकडे आलेल्या गरिबांनी घरं बांधली आणि ती सरकत सरकत साठ्यापासून जेमतेम 130 मीटरवर आली. 19 नोव्हेंबर 1984 च्या पहाटे नळवाहिनी फुटली. गोल आणि आडव्या मिळून 54 टाक्या होत्या. त्यांतल्या बहुतेक एकामागून एक गेल्या. 500 हून अधिक माणसं मेली. दोनच आठवड्यांनी भोपाळ झालं आणि सान हुआनिको जगाच्या आठवणीतून पुसलं गेलं. आपल्या तर ते कधी कानावरच आलं नाही.

‘आम्ही आधी आलो, ते नंतर आले’ हे कंपनीचं म्हणणं तारखांच्या हिशेबाने खरं असतं. त्याने कुणाची जबाबदारी मात्र मिटत नाही, कारण प्रत्येक नव्या घराला कुणीतरी नळ दिलेला असतो, वीज दिलेली असते, घरपट्टी लावलेली असते. डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. तिथे औद्योगिक वसाहत आली आणि मग मधलं मोकळं रान इमारतींनी गिळलं. 2016 मध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, 2024 मध्ये अमुदानमध्ये; दोन्ही वेळा कारखान्याबाहेरच्या घरांच्या काचा फुटल्या आणि दोन्ही वेळा चर्चा झाली ती कारखाने हलवण्याची. इमारतींना परवानगी देणारी सही कुणाची, ही चर्चा फारशी रंगली नाही. गोदामाला ना हरकत देणाऱ्या पंचायतीनेच पाच वर्षांनी शेजारचा गट बिनशेती होताना गप्प बसायचं आणि तिथले प्लॉट ‘शांत परिसर’ म्हणून विकले जाताना पाहायचं, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की त्यात काही चुकतंय असं वाटेनासं झालं आहे.

एजन्सीवाल्याची बाजूही ऐकायला हवी. त्याला कर्ज असतं. जागा रस्त्यालगत हवी, पण वस्तीपासून दूर. ट्रक वळला पाहिजे, पण शेजाऱ्याचा बांध मोडता कामा नये. तेल कंपनीचे निकष, जिल्हाधिकारी कार्यालयाची फाईल, नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचा परवाना, या सगळ्यांतून तो ग्रामसभेत येतो तेव्हा दमलेला असतो, आणि तिथे त्याला बाँब घेऊन आल्यासारखं वागवलं जातं. रीतसर गोदामातला साठा मोजलेला असतो, भिंती आणि अंतरं नियमाने ठरलेली असतात. गावात त्याहून धोकादायक साठे बिनपरवाना असतात आणि त्यांच्याबद्दल ग्रामसभेत ब्र निघत नाही. घरगुती 14.2 किलोच्या लाल टाकीतून नळी लावून रिक्षात गॅस भरणारं पत्र्याचं शेड कुठे आहे, हे निम्म्या गावाला ठाऊक असतं. टाकी उलटी टांगलेली, खाली छोटी मोटर, बाजूला वजनकाटा, आणि मोटरच्या बटणातून उडणारी ठिणगी. टोरांटोत पहाटे जे चाललं होतं त्याचीच ही गल्लीतली धाकटी आवृत्ती. तिथे आपण दाखला मागत नाही, कारण तिथे गॅस स्वस्त मिळतो. चौकातला वडापाववालाही व्यावसायिक टाकीऐवजी घरगुती टाकी लावतो आणि आपण वडा खात उभे असतो.

म्हणून मला वाटतं, गोदामाच्या अर्जावर गावाने हो म्हणावं, पण अटी घालून, आणि त्या अटी ठरावातच लिहून. परवाना किती किलोचा ते ठरावात यावं आणि तेवढाच आकडा गोदामाच्या फाटकावर रंगवलेला असावा. ट्रक रात्री उतरणार नाही. टाक्या रस्त्यावर उभ्या करून वाटप होणार नाही. टाक्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला गळती कशी ओळखायची आणि बंब येईपर्यंत काय करायचं ते शिकवलेलं असेल, आणि ते त्याच्याच तोंडून वर्षातून एकदा गाव ऐकेल. बंबावाल्यांना आत नेऊन एकदा दाखवलं जाईल. या बदल्यात पंचायत लिहून देईल की ठरलेल्या अंतरात ती नव्या घराला परवानगी देणार नाही. हे शेवटचं वाक्य ठरावात आलं की सभा एकदम शांत होते, कारण त्या अंतरात कुणाची ना कुणाची जमीन असतेच. मोबदल्याचं बोलणं तिथून सुरू व्हायला हवं, आणि ते उघड्यावर व्हायला हवं.

टोरांटोच्या अपघातानंतर ओंटारिओने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने त्याच वर्षी 40 शिफारशी केल्या. तेव्हापासून तिथल्या प्रोपेनच्या प्रत्येक ठिकाणाला धोका काय आणि आपत्तीत करायचं काय, याची लेखी योजना करावी लागते. दोन माणसं जाण्याआधी हे करता आलं असतं. आपल्याला निदान त्यांच्या खर्चाने शिकायची सोय आहे.

आपल्याकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची जुनी वहिवाट आहे. पुढची जी येईल तिला जा. आपल्या हद्दीतल्या गोदामाचा परवाना किती किलोचा आहे आणि तो शेवटचा कुणी तपासला, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर इतिवृत्तात तसं लिहायला लावा. आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण न दाबता, दारं-खिडक्या उघडून, बाहेर येऊन 1906 ला फोन करा.