वकालत आणि अमानत

'वकील' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतून आला, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आम्हा मुसलमानांच्या घरात मात्र त्याचे दोन अर्थ जिवंत आहेत. एक वकील काळ्या कोटातला. दुसरा निकाहातला. तो दोन साक्षीदारांना सोबत घेऊन मुलीकडे जातो, मेहेरची रक्कम सांगतो आणि तिची इजाजत विचारतो. तिच्या वतीने बोलण्याचा हक्क त्याला तिच्या होकारातून मिळतो, स्वतःच्या हुशारीतून नव्हे.

पर्यावरणासाठी लढणाऱ्या लोकहितवादी वकिलांचा विचार करताना आम्हाला हा दुसरा वकील आठवतो. नदी बोलत नाही, जंगल सही करत नाही, अजून न जन्मलेले मूल वकीलपत्र देत नाही. मग त्यांच्या वतीने कोर्टात उभे राहणाऱ्याला इजाजत कुणाची?

फिलिपाइन्समध्ये १९९० साली हा प्रश्न थेट कोर्टापुढे आला. अँटोनिओ ओपोसा या वकिलाने काही मुलांच्या नावाने दावा लावला. मुलांच्या बाजूने आईबाप उभे होते. दाव्यातला हिशेब सरळ होता. पंचवीस वर्षांपूर्वी देशात सुमारे १ कोटी ६० लाख हेक्टर वर्षावन होते. १९८७ च्या उपग्रह चित्रांत ते १२ लाख हेक्टरच उरलेले दिसले. आणि सरकारने लाकूडतोडीचे परवाने दिले होते ३८ लाख ९० हजार हेक्टरांचे. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले की ही मुले स्वतःसाठी, आपल्या पिढीसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठीही दाद मागू शकतात. परवाने काही त्या दिवशी रद्द झाले नाहीत. पण जो अजून जन्मलाच नाही त्याचाही हक्क असतो, हे मान्य झाले.

इथे वकील हा निकाहातला वकील राहत नाही, तो यतीमाचा वली होतो. यतीम मुलाला त्याच्या मालमत्तेबद्दल काही विचारता येत नाही, म्हणूनच कुरआनने त्या मालाबाबत वारंवार सक्त ताकीद दिली आहे. वलीला इजाजत नसते, त्याच्यावर जबाबदारी असते. हिशेब त्याला द्यावाच लागतो.

पण जी माणसे जिवंत आहेत, ज्यांना तोंड आहे, त्यांचा वली होण्याचा हक्क कुणालाही नाही. नायजेरियातल्या ओगोनी भागात बोडो नावाची मच्छिमारांची वस्ती आहे. २००८ साली तिथे शेल कंपनीच्या नळवाहिनीतून दोनदा तेल गळले आणि खाडी काळी पडली. लंडनच्या वकिलांनी हे प्रकरण इंग्लंडच्या कोर्टात नेले. जानेवारी २०१५ मध्ये ५ कोटी ५० लाख पौंडांवर तडजोड झाली. त्यातले ३ कोटी ५० लाख १५,६०० माणसांना आणि २ कोटी साऱ्या वस्तीला. सात समुद्रापारच्या वकिलाने गरिबाला त्याचे दाम मिळवून दिले, ही लहान गोष्ट नाही. खाडीच्या सफाईचा प्रश्न मात्र पुढेही वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. माणसांच्या नुकसानीचा सौदा होऊ शकतो. खाडीच्या वतीने सौदा कोण करणार?

तिसरे उदाहरण आपल्याच देशातले. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर वेदान्त कंपनीच्या प्रकल्पासाठी बॉक्साइटची खाण काढायची होती. तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचे दैवत. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधी ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा भरल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. वर्षानुवर्षांच्या कज्ज्याचे फळ काय, तर शेवटी बोलण्याची पाळी वकिलाकडून गावाकडे आली. आम्हाला वकालतीचा सर्वांत उंच दर्जा हाच वाटतो. साक्षीदारांना घेऊन दारात जाणे, इजाजत विचारणे आणि 'नाही' ऐकले तर ते 'नाही' जसेच्या तसे मजलिसीत सांगणे.

यावर एक अवघड सवाल उरतो. गावाने उद्या 'हो' म्हटले तर? पोट उपाशी असेल तर माणूस डोंगरही विकायला तयार होतो, आणि त्याला दोष देणारे आपण कोण? आम्हाला वाटते, जिवंत माणसाची इजाजत त्याच्या हिश्श्यापुरती खरी. पुढच्या पिढीचा हिस्सा त्याच्याकडे अमानत आहे आणि अमानत विकता येत नाही. पण हे उपाशी माणसाला सांगण्याआधी त्याच्या भाकरीची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला हवी. ती न घेता जंगल वाचवा म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात रोजा ठेवायला सांगून आपण जेवायला बसणे.

म्हणून वकिलाच्या भरवशावर सारे सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो कोर्टात उभा राहील, कलमे दाखवील, तारखांवर तारखा काढील. पण निकाहातल्या वकिलासोबतही दोन साक्षीदार लागतातच. त्यांनी पाहिले नाही, ऐकले नाही, तर वकिलाच्या शब्दाला आधार राहत नाही. आपल्या नदीचे, आपल्या डोंगराचे साक्षीदार आपणच आहोत.