दोन सिंहस्थांमधली बातमी

चि. ऋतुजास,


नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं वार्तांकन तुझ्याकडे आल्याचं कळलं, आनंद झाला. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात स्नानाच्या पर्वण्या. बारा वर्षांनी येणारा हा मेळा बातमीदाराच्या उमेदीच्या काळात फार तर तीनदा भेटतो. म्हणून आताच सांगतो, याची खरी बातमी दोन सिंहस्थांच्या मधल्या वर्षांत असते.

२७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या गर्दीत, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्या दिवशी सगळ्यांनीच लिहिलं. पुढे चौकशीत काय निघालं, रस्ते आणि गर्दीचं नियोजन किती सुधारलं, हे विचारत राहणं जास्त अवघड. २०१५ च्या दुष्काळात स्नानासाठी धरणाचं पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला. आता साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याविरुद्ध नाशिककर रस्त्यावर उतरले. पाणी, जमीन आणि सरकारी तिजोरी सगळ्यांची आहे. त्याबद्दलचे प्रश्न महंतांना आणि मंत्र्यांना सारख्याच स्पष्टपणे विचार.

भाविकाला मात्र कधी हिणवू नकोस. गाठीला चार पैसे बांधून एसटीने आलेल्या बाईची श्रद्धा मोजायचा अधिकार आपल्याला नाही. तिला प्यायला पाणी मिळालं का, कपडे बदलायला आडोसा होता का, घाटापर्यंत किती चालावं लागलं, हे तिला विचार आणि लिही.

उत्तम कांबळे यांचं ‘कुंभमेळा साधूंचा की संधिसाधूंचा’ वाच. देवदासींवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. रूढीचा भार ज्यांच्या अंगावर पडतो, त्यांच्यापर्यंत जाऊन हा पत्रकार लिहीत राहिला आणि २०१० मध्ये ठाण्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. धर्मावर प्रश्न विचारणाऱ्याला मराठी वाचक दूर लोटतोच असं नाही.

पंचवटीत गेलीस की काळाराम मंदिराशी थांब. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे अस्पृश्य मानलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. मंदिरप्रवेशापुरती वाटणारी बातमी माणूस म्हणून जगण्याच्या हक्काची होती. अशी बातमी ओळखायची तर उत्सवाच्या दिवसापलीकडे त्या माणसांच्या सोबत राहावं लागतं.

शेवटची पर्वणी झाली की कॅमेरे निघून जातील. तू महिन्याने जा, वर्षाने जा. गोदावरीचं पाणी कसं आहे, नवे रस्ते टिकलेत का, सफाई कामगारांचे पगार झाले का, हे लिही. आणि ध्वज चढण्याआधी कामांच्या निविदा मिळवून वाचून काढ. सुरुवात तिथून कर.

तुझा,
अण्णाकाका