ईदच्या दिवशी उदास असलेल्या मनासाठी



रमजानचे शेवटचे दिवस सरत आले की घराघरांत ईदची लगबग सुरू होते. शेवया भाजल्या जातात, खारका-खोबऱ्याचे काप होतात, मुलांचे कपडे शिवून येतात. चंद्रदर्शनाची वार्ता येताच मुबारकबादीचे आवाज उठतात. त्याच रात्री, त्याच मोहल्ल्यात, एखादी व्यक्ती मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. कुणाची ही आईवाचूनची पहिली ईद असते. कोकणातल्या एखाद्या गावी म्हाताऱ्या आईबापांचे दोन्ही मुलगे आखातात असतात आणि शीरखुर्म्याची वाटी मोबाईलच्या पडद्यासमोर धरून दाखवावी लागते. कुणाला तर आपल्या उदासीचे कारणही सांगता येत नाही. सारे काही असूनही मन विझलेले असते आणि इतरांचा आनंद पाहून ते अधिकच विझते.

गेल्या ईदुल फित्रला नमाजनंतर गळाभेट घेताना एक तरुण माझ्या खांद्यावर रडू लागला. मी सवयीने म्हणालो, "आजच्या दिवशी रडू नये, नाशुक्री होते." त्याने डोळे पुसले, "जी" म्हणाला आणि गर्दीतून निघून गेला. तो कित्येक महिने नीट झोपलेला नव्हता, हे मला पुढे कळले. माझे ते वाक्य मलाच टोचत राहिले. मी त्याला सांगितला तो दीन होता की केवळ लोकरूढी? आजचे हे निवेदन त्या प्रश्नातून आले आहे.

पवित्र कुरआनकडे पाहू या. सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अ.स.) यांची हकीकत आहे. पुत्राच्या विरहात रडून त्यांचे डोळे पांढरे पडले. मुले म्हणाली की तुम्ही यूसुफची आठवण काढत काढत स्वतःचा नाश करून घ्याल. त्यावर ह. याकूब (अ.स.) यांनी उत्तर दिले की मी आपले दुःख केवळ अल्लाहपाशी मांडतो. येथे लक्षात घ्या, रडणारा मनुष्य अल्लाहचा पैगंबर आहे. अल्लाहने त्यांच्या अश्रूंना कोठेही दोष दिलेला नाही. "आता पुरे" असे म्हणणारे होते ते घरचेच लोक. त्या दिवशी मी त्यांच्याच रांगेत उभा होतो.

याच प्रसंगात पुढे ती सुप्रसिद्ध शिकवण येते की अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. आपण ही आयत उदास माणसाला दटावण्यासाठी वापरतो. परंतु ती कुणाच्या तोंडची आहे? ज्यांचे डोळे दुःखाने गेले होते, त्याच पित्याच्या तोंडची. म्हणजे दुःख आणि आशा एकाच हृदयात राहू शकतात. निराशेची मनाई म्हणजे दुःखाची मनाई नव्हे. शिवाय हे शब्द त्यांनी मुलांना यूसुफ व त्याच्या भावाच्या शोधासाठी पाठवताना उच्चारले. आशा म्हणजे ओठांवरचे हसू नव्हे. अंधारातही एक पाऊल पुढे टाकणे, हीच आशा.

ह. मरयम (अ.स.) यांची वेदना याहून तीव्र होती. प्रसूतीच्या कळा सोसत, खजुरीच्या बुंध्याशी एकट्या असताना, याआधीच आपल्याला मरण आले असते तर बरे झाले असते, असे त्या बोलून गेल्या. यावर अल्लाहकडून कोणते उत्तर आले? "तुझे ईमान कोठे गेले?" असा सवाल आला नाही. दुःखी होऊ नकोस, असा दिलासा आला. पायाखाली वाहता झरा दाखवला गेला. झाड हलव, ताजे खजूर पडतील, ते खा, पाणी पी आणि डोळे निववून घे, असे सांगण्यात आले. आधी धीर, पाणी आणि अन्न. मन खचलेल्या व्यक्तीशी कसे वागावे, याचा याहून सुंदर धडा कोणता?

स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात तर एक संपूर्ण वर्ष 'आमुल हुज्न', म्हणजे दुःखाचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी ह. खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब दोघेही गेले. पुढे मदिनेत तान्हा पुत्र इब्राहीम त्यांच्या हातांत अखेरचे श्वास घेऊ लागला, तेव्हा त्यांचे डोळे पाझरले. डोळ्यांनी रडणे व मनाने व्याकूळ होणे ही करुणा आहे, जिभेवर मात्र पालनकर्त्याला नापसंत असे काही येऊ नये, अशी शिकवण त्यांनी तेथेच दिली.

आता एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. शोक वेगळा आणि नैराश्याचा आजार वेगळा. इस्लामी परंपरेला हा भेद जुन्या काळापासून ठाऊक आहे. इ.स. 934 मध्ये वारलेले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर व मन यांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेली उदासी आणि कारण न सापडणारी उदासी असे दोन प्रकार त्यांनी त्यात मांडले आणि दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात शोधले. प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय उतरवला आहे, हे प्रेषितवचन तापासाठी जसे आहे तसेच मनासाठीही आहे. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात ईमानाची कमतरता नाही. दुआ आणि दवा यांची आपसांत भांडणे लावू नका. रमजानमध्ये औषधांच्या वेळा बदलतात म्हणून काहीजण ती परस्पर बंद करतात. असे करू नये, डॉक्टरांना विचारून वेळा ठरवाव्यात. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत स्वतः अल्लाहने दिलेली आहे. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले तर ते थट्टेवारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका. 14416 या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आणि ईद? ईदच्या सुन्नतीच मुळी एकाकी माणसाला कवेत घेणाऱ्या आहेत. फित्रा नमाजपूर्वी द्यायचा, जेणेकरून गरिबाची चूल त्याच सकाळी पेटावी. ह. उम्मे अतिय्या (रजि.) सांगतात की ज्या स्त्रियांना त्या दिवसांत नमाज माफ होती, त्यांनाही प्रेषितांनी (स.) ईदच्या मेळाव्यात बोलावले, की त्यांनी नमाजच्या जागेपासून बाजूला राहून दुआत सामील व्हावे. एखादीकडे चादर नसेल तर? तिच्या बहिणीने आपली चादर तिला द्यावी, असे उत्तर मिळाले. चादर नसलेलीने घरी बसावे, असे म्हटले गेले नाही. आज आपल्या मोहल्ल्यात ज्याच्याकडे आनंदाची चादर नाही, त्याला ती पांघरायला देणे आपले काम आहे.

ह. आयेशा (रजि.) यांच्या घराण्यात कुणी वारले की त्या 'तल्बीना', म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, शिजवून घेत, कारण ती हृदयाला आराम देते व थोडे दुःख हलके करते, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. थोडे दुःख. सगळे नव्हे. आपल्यावरही तेवढीच जबाबदारी आहे. शीरखुर्म्याचा एक डबा घेऊन जा, पण दारातून परत फिरू नका, घटकाभर बसा. उपदेश नको, तुलना नको. गेलेल्या माणसाचे नाव काढायला भिऊ नका.

आणि ज्याचे स्वतःचे मन आज जड आहे, त्या भावाला, त्या बहिणीला मी इतकेच म्हणेन की ईदने तुमच्याकडे हसरा चेहरा मागितलेला नाही. गुस्ल करा, स्वच्छ कपडे घाला, नमाज अदा करा, काही गोड खा. एवढे झाले तरी तुमची ईद झाली. तेवढेही न जमले तर पडल्या पडल्या मनातले अल्लाहला सांगा. अश्रूंची भाषा तो जाणतो.

येत्या ईदला मी त्या तरुणाला शोधणार आहे. माफी मागणार आहे आणि त्याच्या शेजारी बसणार आहे.

हे अल्लाह, चिंता आणि दुःखापासून, दुबळेपणा आणि आळसापासून आम्ही तुझा आश्रय मागतो. खचलेल्या मनांना उभारी दे, आजाऱ्यांना शिफा दे आणि आमच्या जिभा कुणाच्या जखमेवर पडू देऊ नकोस. आमीन.