तेव्हा ठाऊक होते का?

शंका : माझे वय ३६. बी.एस्सी. झाल्यावर बाविसाव्या वर्षी एमपीएससीसाठी पुण्याला गेलो आणि एकतिसाव्या वर्षी रिकाम्या हाताने गावी आलो. दोनदा प्रिलिम निघाली, एकदा मेन्सही निघाली, पोस्ट काही निघाली नाही. वडिलांनी दीड एकर विकून पैसे पुरवले. बहिणीचे बी.एड. त्यात राहिले. फोनवर मी "तीन मार्कांनी गेली" असे सांगायचो; ते दर वेळी खरे नसायचे. मी परतल्यावर दुसऱ्याच वर्षी वडील गेले. आता तालुक्याला कृषी सेवा केंद्र चालवतो, धंदा बरा आहे. पण मन मागेच जाते. हे माझे प्रारब्ध होते की माझी चूक? वडिलांचे ऋण आता कसे फेडू? पुतण्याही पुण्याला जायचे म्हणतो आहे, त्याला अडवू का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

समाधान : प्रारब्धाचे आधी पाहू. आपल्याकडे कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार सांगितले आहेत. कोणत्या घरात जन्मलात, त्या वर्षी जागा किती निघाल्या, कट ऑफ कुठे लागला, यांतले काहीच तुमच्या हातात नव्हते. त्याला खुशाल प्रारब्ध म्हणा. अभ्यासिकेत बसून काय केले आणि घरी फोनवर काय सांगितले, हे मात्र क्रियमाण. ते प्रारब्धाच्या नावावर टाकता येत नाही.

चूक शोधायला निघालात तर स्वतःला एकच विचारा : हे मला तेव्हा ठाऊक होते का? बाविसाव्या वर्षी निकाल ठाऊक नव्हता. वडिलांनाही नव्हता. त्यांनी तुमच्यावर भरवसा ठेवला, तुम्ही मेहनत घेतली. पहिल्या तीन-चार वर्षांबद्दल आज छत्तिसाव्या वर्षीच्या अकलेने त्या पोराला धारेवर धरणे हा अन्याय आहे, तो थांबवा.

नंतरच्या वर्षांचे तसे नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ या भागातल्या अभ्यासिकांमधली मुले मी पाहत आलो आहे. सकाळी लवकर जाऊन जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी टपरीवर चहा आणि कट ऑफच्या गप्पा, रात्री कॉट बेसिसच्या खोलीवर पाठ टेकायची. पाच-सहा वर्षे काढलेल्या मुलाला आपला अंदाज बहुतेक आलेला असतो. तरी तो निघत नाही, कारण गावच्या स्टँडवर एसटीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी "काय झालं रे निकालाचं?" म्हणून विचारणार, हे त्याला दिसत असते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गालाही ३८ वर्षांची आहे, त्यामुळे "अजून एक अटेम्प्ट" म्हणायची सोय कायम राहते. तुमची शेवटची वर्षे या लाजेपायी गेली असावीत असे पत्रावरून वाटते. "तीन मार्कांनी गेली" हे खोटे आहे, हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होते, आणि त्या शब्दावर वडील पुढचे पैसे पाठवत होते. तुमची चूक ही एवढी आहे. नऊ वर्षांएवढी ती नाही. पण आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय मन सुटणार नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन याच जातीचा प्रश्न विचारतो. श्रद्धेने वाटेला लागला आणि मध्येच अडखळला, अशा माणसाचे काय होते? तो दोन्हीकडून गेलाच ना? त्या माणसाचा नाश होत नाही, त्याने केलेले त्याच्याबरोबर राहते, असे श्रीकृष्ण त्याला सांगतात. तो अध्याय योगसाधनेविषयी आहे, स्पर्धा परीक्षेला तो जसाच्या तसा लावणे मला पटणार नाही. पण तुमच्या दुकानात पहा. पीक विम्याचा अर्ज कुठे अडला, अनुदानाच्या जीआरमध्ये नेमके काय म्हटले आहे, हे शेतकऱ्याला वाचून, फोड करून सांगणारे दुकानदार तालुक्यात किती असतील? तुम्हाला ते जमते, आणि ते त्याच वर्षांत कमावलेले आहे.

आता ऋणाचे. वडिलांचे श्राद्ध श्रद्धेने करा, त्यात कमी करू नका. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. बहिणीचे बी.एड. राहिले, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि पुढे तिचा उल्लेखही नाही. विकलेली जमीन वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या कायदादुरुस्तीनुसार तिच्यात बहिणीचा हक्क तुमच्याइतकाच होता. तो तुमच्या पुण्याच्या खर्चात गेला आणि तिला कुणी विचारले नसावे. उरलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचे नाव लागले आहे का? की वडील गेल्यावर रिवाज म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली? घेतली नसेल तर घेऊ नका. घेतली असेल तर वकिलाला विचारून तिचा हिस्सा रीतसर तिच्या नावावर करा. तिला अजून शिकायचे असेल तर फी तुम्ही भरा, नसेल तर तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावा. त्याआधी तिच्यासमोर बसून त्या तीन मार्कांचे खरे काय ते सांगा. वडिलांना सांगायचे राहिले, पण त्यांची मुलगी आहे. पितृऋण कुणाला फेडायचे, असा प्रश्न तुम्हाला पडायलाच नको.

पुतण्याला अडवू नका. जायच्या आधी मात्र घरातल्या सगळ्यांसमोर परतायची तारीख ठरवा : इतके प्रयत्न, या वर्षापर्यंत, मग परत. पदवीबरोबर हाताला लागेल असे दुसरे काहीतरी त्याला शिकू द्या. त्याला तुमची सगळी हकीकत सांगा, फोनवरच्या खोट्यासकट. आणि तुमच्या भावाला, वहिनीला बजावून ठेवा, की पोरगा हात हलवत आला तरी उंबऱ्यात त्याला निकाल विचारायचा नाही. हे तुम्हीच सांगितले पाहिजे. त्या घरात तुमच्याएवढे कुणालाच ते कळत नाही.

शंका : तेविसाव्या वर्षी मी घरच्यांचा विरोध पत्करून रजिस्टर लग्न केले. देवीचा गोंधळ तेव्हा घातला गेला नाही. आता वीस वर्षे होतील, घरात काही दुखले-खुपले की "गोंधळ राहिलाय" असे सासूबाई म्हणतात. खरेच दोष लागतो का?
– एक वाचिका, सोलापूर

समाधान : नाही. गोंधळ हा मंगलकार्य पार पडल्याच्या आनंदाचा कुळाचार आहे. चौक मांडून, दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला घरी बोलावतात. ते बोलावणे आहे, दंड भरणे नव्हे. सासूबाईंची हौस असेल आणि तुमचेही मन असेल तर अजूनही घाला. पाहुण्यांना बोलवा, आनंदाने घाला. धास्तीने घालू नका. दुखण्या-खुपण्याला डॉक्टर आहेत. तेविसाव्या वर्षी तुम्ही कुणाचे काही हिरावून घेतले नाही. त्या लग्नाचे ओझे आता उतरवा.

शंका : चोविसाव्या वर्षी मी एका खासगी अनुदानित शाळेत शिक्षक म्हणून लागलो. वडिलांनी संस्थाचालकांना पैसे दिले होते, मला ते माहीत होते. मुलाखतीला माझ्यापेक्षा जास्त गुणांचा एक उमेदवार होता. तो आज आमच्याच तालुक्यात शिकवण्या घेतो. माझे वय आता ५०. ज्येष्ठ म्हणून संस्था मलाच मुलाखतीच्या समितीवर बसवते. याला प्रायश्चित्त काय?
– एक शिक्षक

समाधान : तुमच्या बाबतीत 'तेव्हा ठाऊक होते का' हे विचारायलाच नको, तुम्हीच ते लिहिले आहे.

मनुस्मृतीतले पुष्कळसे मला मान्य नाही. स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी तिने जे लिहिले ते तर मुळीच नाही. पण अकराव्या अध्यायात चोरीच्या प्रायश्चित्ताचा जो क्रम आहे, तो योग्य वाटतो : चोरलेले आधी परत करायचे. कबुली आणि पश्चात्ताप यांनाही तिथे प्रायश्चित्तात स्थान आहे. जप, उपवास, तीर्थयात्रा यांनी तुमचे हे प्रकरण मिटणार नाही, कारण ज्याचे गेले तो माणूस तुमच्याच तालुक्यात राहतो.

नोकरी परत करता येत नाही. आज राजीनामा दिलात तर त्या गृहस्थांना काही मिळणार नाही, म्हणून तो मी सुचवत नाही. पण त्यांच्या घरी जा. एकटे जा आणि जे झाले ते सरळ सांगा. क्षमा मागा, मात्र "केली क्षमा" असे त्यांच्याकडून वदवून घेऊ नका. ते रागावले, बाहेर जा म्हणाले, तर उठून या. सव्वीस वर्षांच्या पगाराच्या बदल्यात हे ऐकून घेणे काहीच नाही. त्यांच्या शिकवणीला येणारी गरीब मुले असतील, तर त्यांची फी भरण्याचे त्यांना विचारा. नको म्हणाले तर आग्रह धरू नका.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मुलाखतीची खुर्ची. पैसे घेऊन जागा भरली जात आहे हे दिसत असताना तुम्ही गुणपत्रिकेवर सही केलीत, तर चोविसाव्या वर्षीचे कृत्य पन्नासाव्या वर्षी पुन्हा कराल, आणि या वेळी वडिलांचे नावही पुढे करता येणार नाही. सही नाकारा. हरकत लेखी द्या, गरज पडली तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत न्या. संस्था नाराज होईल, मुख्याध्यापकपद हुकेलही; तेवढे सोसा. शिक्षकाचे निवृत्तीचे वय ५८. तुमच्या हातात आठ वर्षे आहेत. पुढची जाहिरात निघेल तेव्हा, पहिल्याच मुलाखतीला नाही म्हणा.