पाठ कोणती राखावी?

जे आपले आहे ते हवे तेव्हा विकण्याचा अधिकार माणसाला आहे काय? वरकरणी हा प्रश्न कायद्याचा वाटतो. परंतु शेळी पाळणाऱ्या घरात तो दर वेताला नैतिक रूप घेऊन उभा राहतो.

धाराशिव जिल्ह्यातील काळी, उंच शेळी मुख्यत्वे मांसासाठी पाळली जाते. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. जातीचे नाव मात्र 'उस्मानाबादी' असेच राहिले. पाच महिन्यांच्या गाभणकाळानंतर ती पुष्कळदा जुळी करडे देते. बोकड खाटकाकडे जाणार, हे बहुधा ठरलेलेच असते. पाठींपैकी कोणती कळपात राखावी, हा खरा निवाडा होय. पाठीआधी तिची आई पाहावी, असे जाणते सांगतात. ती जुळी देते काय? दोन्ही करडांना पुरेल इतके दूध तिला आहे काय? दुष्काळी उन्हाळ्यात ती तगली काय? मग पाठीची वाढ, पाय आणि सड पाहावेत. निवडलेली पाठ वर्षाच्या सुमारास, अंगाने भरल्यावरच फळवावी. आणि बापलेकीचा संकर टाळण्यासाठी बोकड दर दोन वर्षांनी बदलावा.

परंतु खाटकाचा बाजार आईचे गुण पाहत नाही, वजन पाहतो. घरात आजारपण आले, शाळेची फी थकली, की सर्वांत भरलेली पाठच आधी विकली जाते. मागे खुरट्या उरतात आणि पुढची पिढी त्यांच्यापासून निपजते. कोणी पाप केलेले नसते, तरी वंश उतरत जातो. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायातील याकोब सशक्त जनावरे स्वतःकडे राखतो आणि अशक्त लाबानाच्या वाट्याला जातात. आपल्याकडे सशक्त जनावर आजची गरज घेऊन जाते. अशक्त तेवढे उद्याच्या वाट्याला येते.

मागल्या पिढ्यांनी राखली म्हणून ही जात आपल्या हाती आली. त्या अर्थाने उत्तम पाठ ही ठेव आहे. तथापि रिकाम्या चुलीपुढे बसलेल्या बाईला ठेव जपण्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे ठरेल. ज्या कर्तव्याचे फळ साऱ्या गावाला मिळते, त्याचा भार एकट्या गरिबाने का वाहावा? जनावर वाट्याने पाळावयास देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ज्याच्या गाठीशी चार पैसे आहेत, त्याने ती पाठ रास्त भावाने घ्यावी, तिच्याच दावणीला ठेवावी आणि करडे न्यायाने वाटून घ्यावीत. तिची नड भागेल, वंशही गावात राहील.

विकण्याचा अधिकार तिचा आहेच. तिच्यावर तशी वेळ येऊ नये, हे पाहण्याचे कर्तव्य आपणा शेजाऱ्यांचे आहे.