पौष-माघातलं गाऱ्हाणं

देवा महाराजा, ३१ जुलै २०१९ ची संध्याकाळ आषाढ अमावास्येची होती. रत्नागिरीत चिंचेने घासलेल्या समया पाटावर मांडून उजळल्या होत्या. त्याच दिवशी, ३५० कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या ओजे २८७ या दीर्घिकेतला भडका तू दाखवलास. कर्क राशीतली ही दीर्घिका तेव्हा सूर्याच्या उजेडात बुडाली होती. अवकाशातल्या स्पिट्झर दुर्बिणीने तो टिपला. त्याची वेळ आधीच सांगणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधक होते. गणिताने सांगितलेली वेळ चार तासांच्या फरकात जुळली.

त्या दीर्घिकेतल्या मोठ्या कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतून लहान कृष्णविवर बारा वर्षांत दोनदा आरपार जातं आणि भडका उडतो, असं ते गणित. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपेक्षिलेला भडका मात्र निरीक्षकांना सापडला नाही. त्यावर वाद चालू आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना आकड्यांशी इमान राखायची बुद्धी दे.

माझे हात जुळतात ते त्या दीर्घिकेच्या उजेडाच्या एका गुणापुढे. भाट्याच्या किनाऱ्यावर उन्हं कलली की पाणी डोळ्यांवर झगझगतं. पोलरॉइड काच समोर धरून हळूहळू फिरवावी. एका कोनात झगझग विरते आणि उथळ पाण्याखालची वाळू दिसू लागते. पाण्यावरून परतलेल्या उजेडाची कंपनं बहुतांशी एकाच दिशेची असतात, म्हणून. त्या दीर्घिकेच्या झोतात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात, त्यांचा उजेडही असाच ध्रुवित. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर गवताचं पातंही नव्हतं, होते ते सूक्ष्मजीव. एवढी वाट चालूनही त्याने आपली दिशा टाकली नाही! ती मोजली की तिथल्या क्षेत्राचा कल कळतो. तेज एका रात्रीत कमीजास्त झालं, तर ते जिथून आलं ती जागा दीर्घिकेच्या मानाने इवलीशी, हेही कळतं. केवढं सांगतोस तू एका ठिपक्यातून!

जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोल संशोधन संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. असल्या दुर्बिणींपाशी रात्र जागवणाऱ्यांच्या डोळ्यांना बळ दे. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांनाही त्या वाटेला लाव. गावोगावचे दिवे आभाळाकडे न वळवता जमिनीकडे वळवायची सुबुद्धी आम्हांला दे. मृगापासून हवा तेवढा पाऊस पाड, तक्रार नाही. पण पौष-माघात, कर्क रास रात्री वर चढते तेव्हा, ढगाळ हवा देऊ नकोस. आंब्याच्या मोहोराला ती बाधते आणि दुर्बिणीलाही.